ताज्या दाढीचा जावई

माझा जावई न्हावी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्ही विचाराल की माणूस एवढा बडबड्या कसा, आणि मग मला परत मागे यावं लागेल. आमच्या दमनहूर शहरात, जुन्या बाजारात, कापसाच्या गोदामासमोर त्याचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि आरशावर फुटबॉलच्या एका संघाचा फोटो, ज्यातले निम्मे खेळाडू आता आजोबा झालेत. लोक त्याला उस्ता फरगली म्हणतात, कसबी कारागिराला म्हणतात तसं. मी तोंडावर फरगली म्हणते, माघारी 'तो' म्हणते, आणि अगदीच डोकं फिरलं की जावईबापू.

गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासला की ते बिचारं बोलू शकत नाही, आणि ह्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाच्या मुलाचं लग्न का मोडलं, सरकारने काय करायला हवं होतं. एकदा एका माणसाला अर्ध्या दाढीवर बसवून हा समोरच्या गाडीवाल्यांचं भांडण सोडवायला गेला तो दीड तासाने आला. तो माणूस तिथेच बसून होता. अर्ध्या दाढीने जाणार कुठे?

पण स्वतःच्या हनुवटीच्या बाबतीत मात्र चोख. पहाटेची नमाज झाली की आरशासमोर उभा. लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात मी त्याच्या गालावर एक खुंट पाहिला नाही. "न्हाव्याची हनुवटी म्हणजे दुकानाची पाटी," असं तो म्हणतो. मी म्हणते, पाटी एवढी घासतोस, जरा दुकानही झाडत जा.

त्या अकरा वर्षांत माझ्या इन्शिराहला मूल झालं नव्हतं. ती शाळेत भूगोल शिकवते, स्वभावाने माझ्यावर गेली आहे, म्हणजे कोणाचं ऐकत नाही. लोक काय काय बोलायचे ते मी सांगत बसत नाही, तुमच्याकडेही बोलतात. एकदा एका शहाण्याने फरगलीलाच खुर्चीत बसून सल्ला दिला, उस्ता, दुसरी कर. फरगलीने कात्री उचलली. त्या माणसाची डावी मिशी तेवढी उजवीपेक्षा बोटभर आखूड केली. दोन दिवस त्याला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं तेव्हा सगळ्या बाजाराला आधीच कळलं होतं. मला हे समजलं त्या दिवशी मी फरगलीला कबुतरं भरून खाऊ घातली, पण का ते सांगितलं नाही. जावयाला एवढं डोक्यावर बसवायचं नसतं.

तर अकराव्या वर्षी देवाने दार उघडलं. बाळ पायाळू होतं, डोकं वर आणि पाय खाली, त्यामुळे डॉक्टरने सिझेरियनची तारीखच देऊन टाकली, बुधवार, सकाळी नऊ. आमच्या वेळी पोरं आपल्या मर्जीने यायची, आता वेळ घेऊन येतात.

मी आठवडाभर आधी फरगलीला बोलावून घेतलं. "ऐक. शनिवारपासून दाढीला हात लावायचा नाही."

"का, आई?"

"का म्हणून काय विचारतोस? ओल्या बाळंतिणीच्या खोलीत ताज्या दाढीचा माणूस शिरला की तिचं दूध आटतं. तुला माहीत नाही?"

माहीत होतं त्याला. आमच्याकडे कोणाला माहीत नाही? कच्चं मांस घेऊन शिरला तरी तेच, वांगी घेऊन शिरला तरी तेच, कबरस्तानातून सरळ आला तरी तेच. मुशाहरा म्हणतात त्याला, आणि त्याची चेष्टा करायची नाही. डॉक्टर करतो. पण डॉक्टरच्या बायकोला विचारा, तिच्या बाळंतपणात तो स्वतः किती दिवस दाढी वाढवून फिरत होता ते.

फरगलीने ऐकलं. अकरा वर्षं वाट बघितलेला माणूस दुधाच्या बाबतीत हयगय करत नाही. रविवारी त्याचे गाल काळे दिसायला लागले, सोमवारी तो आजारी दिसायला लागला, मंगळवारी गिऱ्हाइकं विचारायला लागली, "उस्ता, घरात कोणी गेलं का?" एकाने तर सांत्वनही केलं. आणि त्या सगळ्या दिवसांत हा दुकानात कुजबुजत बोलत होता. बाळाच्या कानात पहिली अजान बापाने द्यायची असते, आणि ह्याचा आवाज म्हणजे गाडी सुटताना स्टेशनवर होतो तसला. तेवढा आवाज बाळाला सोसणार नाही म्हणून सराव चालला होता. निम्मी गिऱ्हाइकं समजली ह्याचा घसा बसलाय, उरलेली समजली काहीतरी गुपित आहे, आणि कान पुढे करून बसायची.

बुधवार उजाडला. दवाखाना हलवायाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत माझंच बाळंतपण व्हायची वेळ आली. इन्शिराहला आत नेलं, मी पाठोपाठ गेले. बाहेरच्या बाकावर फरगलीबरोबर आणखी दोन बाप बसले होते, त्यांच्याही बायका त्याच सकाळी ओळीने आत जायच्या होत्या. एक ट्रकवाला, एक अरबी शिकवणारा मास्तर. फरगलीच्या मांडीवर त्याची कातडी पिशवी होती. ही पिशवी तो मशिदीतही नेतो. ती मला तेव्हाच काढून घ्यायला हवी होती, पण माझं लक्ष मुलीकडे.

सगळं नीट पार पडलं. मुलगी झाली, साडेतीन किलोची, डोक्यावर एवढं जावळ की बापाच्या धंद्याची सोय घेऊनच आलेली. मी आनंदाने बाहेर आले आणि जिथल्या तिथे थांबले. सगळ्या बोळात कोलनवॉटरचा वास. बाकावर तीन बाप. तिघांच्या हनुवट्या वांग्यासारख्या चकाकत होत्या.

"फरगली," मी म्हटलं, "हे काय केलंस?"

त्याने गालावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. खरं सांगते, त्याला तोपर्यंत पत्ताच नव्हता.

"आई, मास्तर बसायचे, उठायचे, परत बसायचे. मला बघवेना. मग त्यांची केली, जरा शांत वाटलं त्यांना. मग ट्रकवाला म्हणाला माझीही कर. त्याची केली. मग खुर्ची रिकामी झाली."

"कुठली खुर्ची? इथे बाक आहे."

"मनातली," तो म्हणाला. "मग मी बसलो."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतक्यात तो भानावर येऊन म्हणाला, "आई, झालं का? काय झालं?"

"मुलगी."

तो उठला तो सरळ दाराकडे. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. "कुठे निघालास?"

"एकदा बघू द्या."

"आधी आपली हनुवटी बघ. तीत तुझं तोंड दिसेल, इथल्या भिंतीवरचं घड्याळही दिसेल."

तासाभरात मास्तरची सासू येऊन थडकली, मग ट्रकवाल्याची. दोघींनी आपापल्या जावयाकडे बघितलं, मग माझ्या जावयाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे जे बघितलं ते मी आजवर विसरले नाही. तीन दारं, तीन सासवा. बाकावर तीन चिकणे बाप शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखे खाली मान घालून बसले.

आता तुम्ही म्हणाल, बाळाला घटकाभर बाहेर न्यायचं. नाही. कोवळं बाळ आईशिवाय खोलीचा उंबरा ओलांडत नाही. आणि अजान? ती तर द्यायलाच हवी. मी तिथूनच सुएझला माझ्या भावाला फोन लावला. मित्वल्लीची दाढी छातीपर्यंत आहे, तिला वीस वर्षांत कात्री लागलेली नाही. म्हटलं, उद्या दुपारच्या आत ये, भाचीच्या मुलीच्या कानात अजान द्यायची आहे.

फरगलीने हे ऐकलं. अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच गप्प बघितलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

इकडे आत वेगळीच तऱ्हा. संध्याकाळी सिस्टर इब्तिहालने लघवीची नळी काढली आणि म्हणाली, "चला, मॅडम, उठा. चार पावलं टाका. चाललात की पोटातला वारा सरेल, वारा सरला की सूप मिळेल, आणि मग उद्या दुपारी डॉक्टर घरी सोडतील."

"नाही उठणार," इन्शिराह म्हणाली.

"का?"

"टाके तुटतील."

"तुटत नाहीत टाके. मी अठरा वर्षं बायकांना चालवते आहे."

"माझे तुटतील."

बाई शाळेत शिकवते की जमिनीसुद्धा सरकतात, खंडंच्या खंडं सरकतात. स्वतः मात्र गादीवरून बोटभर हलेना. पाय खाली सोडायची, चेहरा वाकडा करायची, पाय परत वर. दुखत होतं, ते मला दिसत होतं. पोट फाडून शिवलंय, दुखणारच. पण त्याहून जास्त ती घाबरली होती. आणि घाबरलेलं माणूस घाबरलोय असं म्हणत नाही, टाके तुटतील म्हणतं.

बाहेरून फरगली तिला धीर द्यायला लागला. दाराला तोंड लावून म्हणाला, "इन्शी, ट्रकवाल्याची सासू तुझ्या आईपेक्षा वाईट आहे, तिने त्याला बाकावरूनही उठवलं." झालं. इन्शिराह हसली, आणि हसताच पोट धरून कळवळली. सिझेरियननंतर हसण्याएवढं दुखणं दुसरं नाही. उशी पोटाशी आवळून ती ओरडली, "त्याला गप्प करा." मी बाहेर जाऊन त्याला बोलायची बंदी केली. तर हा चिठ्ठ्या लिहून दाराखालून सरकवायला लागला. मग मी दाराखाली टॉवेल लावला.

गुरुवारी सकाळी सातलाच हजर. मी दार जरासं उघडून बघते तर समोर फरगली, आणि फरगलीला दाढी. चांगली चार बोटं.

"घ्या, आई," तो म्हणाला, "वाढली."

मी चष्मा लावला. दाढी तीन रंगांची होती. कानाशी काळी, मध्ये पांढरी, आणि हनुवटीवर मेंदी लावल्यासारखी लाल.

"ही कोणाची?"

"माझी."

"फरगली."

"काळी पोस्टमनची," तो खाली बघून म्हणाला. "पांढरी हाजी साहेबांची. लाल कोणाची ते आठवत नाही. दुकानात काल झाडलं नव्हतं, म्हणून मिळाली. डिंकाने चिकटवलीय. पण आई, नियमात फक्त दाढी असावी एवढंच आहे ना? कोणाची ते कुठे आहे?"

मास्तर बाजूलाच उभा होता, मोठ्या बाईला मानाने म्हणतात तसं मला हाज्जा म्हणायचा. तो गंभीरपणे म्हणाला, "हाज्जा, मुद्दा विचार करण्यासारखा आहे." त्याचा डोळा त्या लाल तुकड्यावर होता, आपल्या हनुवटीसाठी. तेवढ्यात फरगलीने चहाचा घोट घेतला, वाफेने डिंक सुटला, आणि हाजी साहेबांची दाढी कपात पडली.

आतून इन्शिराहची हसण्याची आणि रडण्याची एकदम किंकाळी आली. सिस्टर इब्तिहाल धावत आली. तिचा पारा चढला होता, आणि तिचं चुकत नव्हतं. तिने मला बाजूला घेतलं.

"हाज्जा, आता मी स्पष्ट सांगते. तुमची मुलगी चाललेली नाही, वारा सरलेला नाही, कालपासून सलाईनवर आहे. शेजारच्या खोल्यांतल्या दोघीही तुमच्या मुलीचं बघून उठायला तयार नाहीत, म्हणतात पहिल्या खोलीतल्या बाईंचे टाके तुटायला आलेत. साडेअकराला डॉक्टर येतील. तोवर असंच राहिलं तर डिस्चार्ज नाही, आणखी एक दिवस इथेच." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याचं एवढं काय मांडलंय? माझ्या आजीच्या गावात तर बाळंतीण स्वतः चालत बाहेर आली आणि दारापलीकडे भेटली, की दोष जायचा. मग माणूस खुशाल आत. तुमच्यात नाही का असं?"

मी छताकडे बघितलं. छतावर काहीच नव्हतं, पंखासुद्धा नाही.

आहे. आमच्यातही आहे. मला कालपासून माहीत होतं. पण मला वाटलं, पोरीला एवढं दुखतंय, तिला कशाला उठवायचं, मित्वल्ली येतोच आहे. असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण जुनं होतं, आणि ते मला आठवायचं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात घसा खाकरल्याचा आवाज आला. मित्वल्ली दोन मजले खाली असला तरी ऐकू येतो. पायऱ्या चढताना त्याची अजानची तयारी चालली होती. वर आला, दाढी छातीवर, कपाळावर घाम, आणि हातात एक जड पिशवी, खालून लाल पाणी ठिबकत होतं.

फरगली उठून उभा राहिला. वडीलधारा माणूस आला म्हणून उठला. त्याने मित्वल्लीच्या खांद्याला ओठ टेकवले आणि स्वतः बाजूला होऊन दाराची वाट मोकळी करून दिली. गालावर पोस्टमनची दाढी अजून चिकटलेली होती. ते बघून मी दारात आडवी झाले.

"कुठे आहे पोरगी?" मित्वल्ली म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. "हातात काय आहे?"

"वासराचं मांस. दोन किलो. बाळंतिणीच्या सूपाला."

"कच्चं?"

"मग काय सुएझहून शिजवून आणू?" असं म्हणाला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने पिशवी घाईघाईने ट्रकवाल्याच्या हातात दिली. ट्रकवाल्याच्या सासूने ती हिसकावून जिन्यात ठेवली. "घे, गेलं मांस. आता जाऊ?"

"आलास तर घेऊनच ना."

"अगं, तुझा नियम खोलीचा आहे. मी अजून बोळात आहे."

"माझा नियम मी उभी असते तिथून सुरू होतो," मी म्हटलं. "बस त्या बाकावर."

तो बसला. आता बाकावर चार झाले. मी आत गेले, दार लावून घेतलं आणि इन्शिराहच्या पायाशी बसले.

"ऐक," मी म्हटलं. "तू उठून त्या दारापलीकडे फरगलीपर्यंत चालत गेलीस, तर दोष राहत नाही. तो तुला भेटू शकतो, मुलीला घेऊ शकतो, अजान देऊ शकतो."

"मग काल का नाही सांगितलं?"

"कारण मी गाढव आहे."

ती बघतच राहिली. हे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"तुझ्या वेळी तुझे वडील कबरस्तानातून आले होते," मी म्हटलं. "त्याच सकाळी आपल्या बापाला पुरून आले, आणि दारात येऊन उभे राहिले. सुईण मला म्हणाली, ऊठ, दारापर्यंत जा, म्हणजे त्याला आत येता येईल. दहा पावलं होती. मी म्हटलं, कंबर दुखते."

"दुखत असेल."

"नव्हती दुखत. मी रुसले होते. आदल्या रात्री मी कळा देत होते आणि ते बापाच्या उशाशी होते, म्हणून रुसले. अठरा वर्षांची होते, अक्कल किती असणार? ते तिथे उभे राहिले, मग निघून गेले. रेल्वेत कामाला होते, तिथल्याच खोलीत बाळंतपणाचे चाळीस दिवस राहिले. तुझ्या कानात मित्वल्लीने अजान दिली. पुढे ते जन्मभर हसत हसत म्हणायचे, माझ्या लेकीला माझा आवाज उशिरा कळला. हसत म्हणायचे. पण दर वेळी म्हणायचे."

पाळण्यातली पोर चुळबुळत होती. मग इन्शिराहने पोटाचा पट्टा हाताने चाचपला.

"उशी द्या," ती म्हणाली. "आणि त्याला सांगा, माझ्याशी काहीही विनोदी बोलायचं नाही."

सिस्टरने एका बाजूने धरलं. मी तान्हीला छातीशी घेतलं, कारण आईबरोबर उंबरा ओलांडायला हरकत नव्हती. दार उघडलं. फरगली बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभा होता. एवढ्या लांब का, तर म्हणे दोषाची शंका नको, अंतर असलेलं बरं. दारापासून खिडकीपर्यंत तेवीस फरश्या आहेत. मी त्या आता डोळे मिटून सांगू शकते.

पहिल्या फरशीला तिने मला शिव्या दिल्या. तिसरीला सिस्टरला दिल्या. सहावीला डॉक्टरला. नवव्या फरशीवर थांबून भिंतीला टेकली, आणि मला वाटलं आता परत फिरणार. तेवढ्यात शेजारची दोन्ही दारं उघडली. मास्तरची बायको उशी पोटाशी धरून बाहेर आली, तिच्यामागून ट्रकवाल्याची. "ह्या उठल्या तर आम्हीही उठतो," म्हणाल्या. सिस्टर इब्तिहालने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. अठरा वर्षांत तिच्याकडे सिझेरियनच्या तीन बायका आपल्या पायांनी एकदम उठलेल्या नव्हत्या. ती त्यातल्या एकीचा हात धरायला धावली.

इन्शिराह परत चालायला लागली. सोळावी फरशी. सतरावी. आणि सतराव्या फरशीवर तिचा वारा सरला.

लहानसा नव्हता. कालपासून अडलेला, सगळ्या बोळाने ऐकला. मास्तरने पटकन छताकडे बघितलं. फरगली ओठ दाबून, डोळे विस्फारून उभा, कारण त्याला विनोदाची बंदी होती. एवढा संयम मी त्याच्यात कधी पाहिला नाही. शेवटी इन्शिराहच म्हणाली, "बोल, नाहीतर तूच फुटशील."

"मुबारक," तो म्हणाला.

मग ती हसली, उशी दाबून, कण्हत, पण हसली. सिस्टरने तिकडून हात वर केला, "सरला, हाज्जा, सूप सांगा," आणि माझ्या तोंडून आपोआप लग्नात बायका देतात ती आनंदाची लांबलचक आरोळी, झगरूता, निघाली, जीभ अशी हलली की दहा वर्षांत हलली नसेल. दोन्ही सासवांनी तिला साथ दिली. खाली हलवायाला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं.

उरलेल्या सहा फरश्या ती कशी गेली मला कळलं नाही. समोर जाऊन उभी राहिली. फरगलीने पोरीकडे नाही, आधी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मागचे केस वाढलेत तुझे."

"मग काप," ती म्हणाली.

मी पोरगी त्याच्या हातात दिली. तिला घेऊन तो खिडकीच्या उजेडात गेला आणि तिच्या उजव्या कानाशी वाकला. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. आवाजच फुटेना. गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बसवून दीड तास बोलणारा माणूस, आणि एक शब्द निघेना. बाकावर मित्वल्लीने घसा खाकरला आणि उठायला लागला. मी त्याच्या पायावर पाय ठेवला, आणि मी वजनाने हलकी नाही.

मग फरगली बोलायला लागला. इतक्या हळू, की दोन पावलांवर उभी राहूनही मला काही ऐकू आलं नाही. ओठ तेवढे हलताना दिसले. पोरीने चुळबूळ थांबवली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. अकरा वर्षांत त्याचं मला ऐकू न आलेलं हे पहिलंच बोलणं.

साडेअकराला डॉक्टर आले, टाके बघितले, वारा सरला का विचारलं, तर सगळा मजला एकदम हो म्हणाला. त्यांनी कागदावर सही केली आणि घरी जायला सांगितलं. लिफ्ट अर्थातच बंद. इन्शिराहला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून फरगली, ट्रकवाला आणि मास्तर अशा तिघांनी उचललं. ट्रकवाला 'मागे, मागे, जरा डावीकडे' असं स्वतःलाच सांगत होता. मित्वल्ली मांसाची पिशवी घेऊन दहा पायऱ्या मागे, कारण मी त्याला जवळ येऊ देत नव्हते. त्याचं मी घरी बघणार होते.

दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले. मी फरगलीला हळूच विचारलं, "अजानला एवढा वेळ लागत नाही. नंतर काय सांगत होतास तिला?"

"नाव सांगितलं. दुकानाचा पत्ता सांगितला. आजीपासून जपून राहा म्हणालो."

"आणि?"

त्याने खुर्चीचा पाय दुसऱ्या हातात घेतला. गालावरची पोस्टमनची दाढी तेवढ्यात गळून पडली होती.

"आणि आजोबांचं नाव सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, त्यांचा आवाज तुझ्या आईला उशिरा कळला, तुला मी आत्ताच सांगून ठेवतो."

मी त्याच्याकडे बघितलं. हे मी खोलीत, दार लावून बोलले होते.

"दार पातळ आहे, आई," तो म्हणाला.

मला डोक्यावरच्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावावं लागलं. मग मी त्याला म्हटलं, बोलत काय बसलास, खुर्ची नीट धर.